नऊ हजार चारशे मीटरवरचा पक्षी

मित्रांनो, आजवर मला मसाला म्हणून झालं, माश्या पकडायचं यंत्र म्हणून झालं, आणि एकदा तर खेळण्याहूनही गयागुजरा म्हणून झालं. यांतलं मी काहीच नाही. मी एक जुना पक्षी आहे. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी आणि पायाखाली एक वाळकी फांदी, असा तेरा सेंटिमीटरचा माझा सगळा संसार. शारजातल्या एका शाळेत, काचेच्या कपाटातल्या दुसऱ्या फळीवर मी बसलेला असतो. दिसायला अगदी शांत! पण मी इथे कसा पोहोचलो ते सांगायला घेतलं ना, की माझ्या पोटातला कापूससुद्धा धडधडू लागतो.

माझं गाव फार फार लांब आहे. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला व्हेनेझुएला नावाचा देश आहे. तिथे समुद्राला अगदी खेटून डोंगरांची एक रांग जाते. खाली किनाऱ्यावर रणरणतं ऊन आणि वर जंगलात मात्र दिवसभर ढग झाडांना बिलगून बसलेले! प्रत्येक फांदीला शेवाळाची झालर, प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब. तिथे खडकाच्या एका खोबणीत माझ्या आईवडिलांनी शेवाळाची वाटी केली होती. त्या वाटीत मी जन्मलो.

देवाने मला रंग दिला तो थेट दालचिनीचा. पाठ दालचिनी, पोट दालचिनी, पंखांवरचा पट्टाही दालचिनीच. डोक्यावर एक पिवळी रेघ होती, पण ती पिसांखाली झाकलेली. चिडलो किंवा लाडात आलो तरच दिसायची. आमचं काम एकच. आवडत्या काटकीवर ताठ बसायचं, माशी दिसली की झेप घ्यायची, आणि टिपून झाली की परत त्याच काटकीवर यायचं. दुसरी काटकी कितीही चांगली असो, आम्ही आपल्या जागी परत. आमचा नेम कधी चुकत नसे, दोन्ही अर्थांनी!

आम्हाला म्हणतात माशीमार. तुमच्या भारतातही माशीमार पक्षी आहेत, पण त्यांचं आमचं नातं धंद्याचं, रक्ताचं नाही. शास्त्रज्ञांनी आमचं घराणं वेगळं मांडलं आहे, आणि त्या घराण्याला त्यांनी काय नाव द्यावं? ‘जुलमी माशीमार’! आमच्यातले काही मोठे भाऊबंद ससाण्यावरही चाल करून जातात म्हणे, म्हणून. आता मी मूठभर जीव, मी कसला जुलूम करणार? पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

माझ्या जातीचा पसारा मात्र पुष्कळ मोठा. अँडीज नावाच्या प्रचंड पर्वतावर कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया असे करत थेट अर्जेंटिनाच्या वरच्या अंगापर्यंत आमचे चुलते राहतात. पण त्यांची पाठ शेवाळी तपकिरी आणि कमरेपाशी दालचिनीचा एक पट्टा. आम्ही किनाऱ्याच्या डोंगरातले पाठीवरही पुरते दालचिनी. मधल्या सपाट, तापलेल्या मुलखात आम्ही उतरत नाही, म्हणून त्यांची आमची गाठ पडत नाही. डोंगरातल्या पक्ष्याला सपाटी म्हणजे समुद्रच.

एका सकाळी दाट धुक्यातून मी एका माशीमागे गेलो. आमच्या जंगलाच्या कडेला पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची झोपडी होती. तिला नवी काच बसवली होती. काच मला दिसली नाही. तेवढंच आठवतं.

त्या गृहस्थांनी मला ओंजळीत उचललं, हळहळले आणि मग फार मायेने मला असा कापूस भरून फांदीवर बसवलं. पायाला एक चिठ्ठी बांधली. तिच्यावर त्यांनी माझं नाव लिहिलं नाही. ते म्हणायचे, “नावं आम्ही शास्त्रज्ञ बदलत राहतो. गाव बदलत नाही.” म्हणून त्यांनी डोंगररांगेचं नाव लिहिलं, उंची लिहिली आणि तारीख लिहिली. मित्रांनो, तुम्हा आखातातल्या माणसांना सांगायला नको, माणसाचा जसा पासपोर्ट, तशी आमची ती चिठ्ठी. ती गेली तर आम्ही कुठलेच नाही.

त्या गृहस्थांचे एक मित्र तेलाच्या कंपनीत इंजिनियर होते. त्यांची बदली दुबईला झाली तेव्हा मला त्यांना भेट म्हणून दिलं. लाकडी पेटीत भुशाच्या गादीवर मला ठेवलं आणि झाकणावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘सिनॅमन फ्लायकॅचर’. म्हणजे दालचिनी माशीमार. ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. बाकीच्या बावीस खोक्यांबरोबर मी जहाजात चढलो आणि घोटाळा झाला तो दुबईच्या बंदरात. पेटीवरून जाड पट्टा गेला होता, त्याखाली ‘फ्लायकॅचर’ झाकलं गेलं आणि ‘सिनॅमन’ तेवढं उघडं राहिलं. बावीस खोकी इंजिनियरसाहेबांकडे गेली. तेविसावं खोकं, म्हणजे मी, गेलो दुबईच्याच अल क्वोज भागात, मसाल्याच्या गोदामात, दालचिनीच्या चाळीस पोत्यांसोबत!

गोदामाचे स्टोअरकीपर होते संगमेश्वरकडचे राजाभाऊ. पन्नाशीचे, सडसडीत, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. त्यांचा हात असा व्यवस्थित, की चाळीस प्रकारच्या मसाल्यांची पोती डोळे मिटून शोधावीत. त्यांच्या हाताखाली फोर्कलिफ्ट चालवायला रत्नागिरीचा मुनीर होता, तोंडाने फटकळ पण मनाने लोण्यासारखा.

राजाभाऊंनी पेटी उघडली आणि दोघेही बघतच राहिले.

“आयला, दालचिनीत चिमणी!” मुनीर म्हणाला.

राजाभाऊंनी पट्टा सरकवून झाकण वाचलं. “सिनॅमन. फ्लाय. कॅचर. अरे, हे मशीन दिसतंय. दालचिनीवर माशी बसू नये म्हणून कंपनीने पाठवलंय.”

“मशीनला चोच?”

“मग? माशी खायची कशाने?”

“बटन कुठाय?”

राजाभाऊंनी मला उलटंसुलटं करून बटण शोधलं. सापडलं नाही. तरीही त्यांनी मला मोठ्या मानाने काउंटरवर दालचिनीच्या नमुन्याशेजारी मांडलं. आणि योगायोग बघा, दालचिनीच्या वासाने म्हणा, कशाने म्हणा, माश्या खरोखरच काउंटरकडे फिरकत नसत. मग काय! “बघ, बघ, मशीन चालू आहे,” असं राजाभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. महिन्याभरात त्यांनाही कळलं, की मी पक्षी आहे. तरी ते रोज सकाळी मऊ फडक्याने माझी धूळ पुसत आणि म्हणत, “काय रावसाहेब, बरं आहे ना?” गावापासून इतक्या लांब आलेले आम्ही दोघे. कोण कुणाची विचारपूस करत होता, देव जाणे.

एका ऑगस्टमध्ये गोदामाचा एसी चार दिवस बंद पडला. भिंतींना घाम आला. माझ्या पायातली चिठ्ठी भिजून लगदा होऊ लागली. तारीख तर कोपऱ्यासकट गळून पडली. राजाभाऊंच्या ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा लावला, गोदामाचं कोरं लेबल घेतलं, जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर जुन्यावरून नव्यावर उतरवलं आणि दोऱ्याने माझ्या पायाला बांधलं. इतकं जपून, की वाटलं कुणी लेकराच्या हातात गंडा बांधतंय. मित्रांनो, त्या लेबलावरच पुढे माझा जीव टांगला गेला.

गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रं बघायला कुंदाताई होत्या. त्या मूळच्या पुण्याच्या, राहायला खाडीकाठच्या बर दुबई भागात. नवरा, मुलगी मुग्धा आणि देव असा त्यांचा संसार. रोज सकाळी देवळाच्या गल्लीतून दर्शन घेऊन, कपाळावर कुंकवाचं ताजं बोट घेऊन त्या ऑफिसात यायच्या. आवाज इतका हळू, की मुनीर म्हणायचा, “ताई बोलतात का मनात म्हणतात तेच कळत नाही.” त्यांचं काम म्हणजे आलेल्या प्रत्येक मालाचा फॉर्म भरणं. माल कोणता, कोणत्या वर्गातला, मूळ देश कोणता. दिवसभर वर्गीकरण!

कुंदाताई चातुर्मासात एकेक नेम धरत. कांदा-लसूण तर सोडलेलं असेच. पण इसवी सन दोन हजारच्या चातुर्मासात त्यांनी नवाच नेम धरला. चार महिने कुणालाही नावं ठेवायची नाहीत!

“म्हणजे मला बोलायचं नाही?” मुनीर खूश झाला.

“तुम्हालाही नाही, मुनीरभाई,” त्या हसून म्हणाल्या. “कांदा सोडणं सोपं हो. हे फार अवघड आहे. सकाळपासून तीनदा जीभ चावली.”

आश्विन लागला. कुंदाताईंचं नवरात्र बसलं आणि त्याच शनिवारी खाण्याच्या मालाची तपासणी करायला साहेब आले. पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घातलेले, धिप्पाड, गंभीर. पोती बघितली, वजनं बघितली, सगळं ठीक. जाता जाता त्यांची नजर काउंटरवर गेली.

“हबीबी, ये क्या? खाने के माल में चिड़िया?”

राजाभाऊ चाचरले. “साब, ये... शो के वास्ते.”

“पेपर किधर?”

पेपर कुठले? साहेबांनी मला उचलून पाहिलं, लेबल पाहिलं, परत ठेवलं. आवाज न चढवता ते म्हणाले, “बुधवार को मैं फिर आएगा. कोई स्कूल, कोई म्युझियम लिख के दे, ये क्या है, किधर का है, और ले के जाए. नहीं तो...” त्यांनी हात झटकला. “खलास. जला देगा.”

जाळून टाकणार! माझ्या पिसांवर काटा आला. सहा वर्षं मी तिथे होतो, मसाला म्हणून, मशीन म्हणून, शोभेची वस्तू म्हणून. मी कोण, असं कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर उत्तर द्यायला चार दिवस!

राजाभाऊ मला फडक्याने पुसत राहिले, पुसलेलंच पुन्हा पुसत. कुंदाताईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, “राजाभाऊ, पेटी द्या. मी घरी घेऊन जाते. मुग्धाच्या शाळेत पक्ष्यांचे जाणकार सर आहेत.”

“ताई, उपासात मेलेल्या पक्ष्याला हात लावाल?”

त्यांनी पेटीच उचलली. मग म्हणाल्या, “देवाच्याच हातचं काम आहे ना ते. देवाच्या हातच्या वस्तूला कसला विटाळ?”

त्या रात्री मी बर दुबईच्या एका फ्रिजवर बसलो. समोर घटाजवळचा नंदादीप, उदबत्तीचा वास. मुग्धा म्हणाली, “आई, इट्स लुकिंग ॲट मी!” आणि लगेच, “जहूर सर नोज एव्हरी बर्ड. एव्हरी सिंगल वन!”

रविवारी संध्याकाळी कुंदाताई मला मांडीवर घेऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत बसल्या. काय सांगू मित्रांनो! सहा वर्षांनी मी आभाळ पाहिलं! खाडीचं पाणी सोन्यासारखं चमकत होतं आणि आमच्या डोक्यावरून सीगल पक्षी ओरडत जात होते. पेटीच्या फटीतून वारा आत आला आणि माझी पिसं हलली. पलीकडच्या काठावर, देरा भागात उतरून आम्ही शारजाची बस धरली.

जहूरसाहेब मूळचे लाहोरचे, त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा आणि घरभर पुस्तकं. त्यांनी मला पाहिलं मात्र, खुर्चीतून उठलेच!

“माशाअल्लाह! बीबी, ये आपको कहाँ मिला?”

“मसाल्याच्या गोदाम में,” कुंदाताई खरं तेच बोलल्या.

जहूरसाहेबांनी जाडजूड पुस्तक काढलं, भिंग काढलं. “सिनॅमन फ्लायकॅचर. इसमें कोई शक नहीं. पीठ देखिए, पूरी दालचीनी. ये अँडीज वाला नहीं लगता, समंदर के किनारे के पहाड़ों का लगता है. आज किताब दोनों को एक ही जाति कहती है. कल कोई पढ़ा-लिखा आलिम कहेगा, नहीं, ये अलग हैं. तब उसको ऐसा ही परिंदा चाहिए होगा, जिसका पता पक्का हो.” ते लहान मुलासारखे रंगून गेले होते. “मैं तो इसे स्कूल की अलमारी में सबसे आगे रखूँगा! लेबल दिखाइए.”

मी आनंदाने जवळजवळ उडालोच! माझं घराणं कळलं, माझा डोंगर कळला. आता लेबल वाचलं की झालं!

त्यांनी लेबल वाचलं. पहिल्यांदा हसले. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसणं मावळलं.

“कॉर्डिलेरा दे ला कोस्टा. ये तो ठीक है, किनारे का पहाड़. मगर ऊँचाई देखिए. नाइन थाउजंड फोर हंड्रेड मीटर!”

कुंदाताईंनी वाकून पाहिलं. खरंच की. इंग्रजी अक्षरांच्या ओळीत नऊ, चार, शून्य, शून्य.

“बीबी, एव्हरेस्ट नौ हजार का भी नहीं है. इतने ऊपर परिंदा क्या, मच्छर भी नहीं.” त्यांनी चष्मा काढला. “किसी ने बाद में बना के बाँध दिया है. ये ए-बी-सी के हरूफ भी किसी ने नक्शे की तरह उतारे हैं. जब ऊँचाई झूठी, तो जगह पर भरोसा कैसे करूँ? झूठे पते वाला नमूना खिलौने से भी गया गुजरा. मैं दस्तखत नहीं कर सकता. माफ कीजिए.”

माणूस सच्चा होता, म्हणूनच नाही म्हणाला. त्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुंदाताईंचा उपास होता. त्या नमस्कार करून, मला उचलून निघाल्या. परतीच्या अब्रात मी आभाळ पाहिलं नाही.

सोमवारी गोदामात बातमी कळली तसा मुनीर उसळला. “बघा! राजाभाऊंनीच घोळ घातला! दुसरं लेबल कुणी लिवलं? यांनीच! आता चिमणी यांच्यामुळे जळणार. ताई, तुम्हीच सांगा यांना दोन शब्द.”

 पोत्याच्या थप्पीवर बसून राजाभाऊ आपल्या बोटांकडे बघत होते. म्हणाले, “सातवी शिकलेला माणूस मी. इंग्रजी आपलं चित्र बघून चित्र काढतो. चुकलं असेल, ताई. मला काय कळतंय. बोला तुम्ही, बोला.”

कुंदाताईंच्या ओठांवर शब्द आलाही असेल. कुणाच्याही आला असता. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि डोळे उघडून म्हणाल्या, “राजाभाऊ, मी नावं ठेवणार नाही, माझा नेम आहे. म्हणजे तुमचं चुकलेलं नाही, असंच मला धरून चालायला हवं. मग बरोबर कसं आहे, ते बघूया. हे लेबल तुम्ही मला वाचून दाखवा.”

“मला इंग्रजी वाचता येतं होय!”

“येईल तेवढं वाचा.”

राजाभाऊंनी चष्मा लावला. लेबल हातात धरलं. “हे सी. हा ओ. हा आर... पुढचं नाही येत बुवा.” त्यांचं बोट ओळीच्या शेवटी सरकलं. “आणि हे पंधराशे.”



“काय म्हणालात?” कुंदाताईंचा आवाज पहिल्यांदाच जरा मोठा झाला.

“पंधराशे. एक, पाच, पूज्य, पूज्य. एवढं येतं हो मला!”

कुंदाताईंनी लेबल ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि लहान मुलीसारख्या टाळी वाजवून ओरडल्या. त्या दिवशी गोदामाने त्यांचा आवाज ऐकला! “मराठी! मराठी आकडे आहेत! अहो, अक्षरं इंग्रजी काढलीत तुम्ही, पण आकडे हातातून मराठीत उतरले! मराठी एक म्हणजे इंग्रजी नऊ! मराठी पाच म्हणजे इंग्रजी चार! मीसुद्धा फसले. दिवसभर इंग्रजी टाइप करते ना, माझ्या डोळ्याला मराठी पाच दिसलाच नाही!”

“म्हणजे चिमणी एव्हरेस्टवर नव्हती?” मुनीर म्हणाला.

“पंधराशे मीटरवर होती! ढगांच्या जंगलात होती! राजाभाऊ, तुमचं काही चुकलेलं नाही. मराठीत अगदी बरोबर आहे!”

राजाभाऊंनी चष्मा काढला. चष्मा पुसला, डोळे पुसले, मग तेच फडकं घेऊन मलाही पुसलं. मुनीर दुसरीकडे बघत म्हणाला, “चला, मी चहा सांगतो. माझ्यातर्फे.” आणि थोडं पुढे जाऊन मागे वळला, “राजाभाऊ, तुमच्यात साखर जास्त.”

कुंदाताईंनी लगेच फोन फिरवला. पलीकडे जहूरसाहेब इतके मोठ्याने हसले की फोनमधून मलाही ऐकू आलं. “पंद्रह सौ! बिल्कुल वही ऊँचाई! बीबी, मैं खुद आता हूँ. उस लिखने वाले से मिलना है मुझे.”

बुधवारी सकाळी ते शाळेचं पत्र घेऊन हजर. त्यांनी राजाभाऊंना जुन्या चिठ्ठीबद्दल खोदखोदून विचारलं. कागद कसा होता, शाई कसली, काय गळून पडलं. राजाभाऊंनी सगळं सांगितलं आणि तारीख वाचायची राहिली याबद्दल दोनदा माफी मागितली. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. पत्र वाचून त्यांनी लेबल हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“लेटर में पंद्रह सौ. इधर चौरानवे सौ. कौन सच?”

 कुंदाताई पुढे झाल्या. टेबलावरचा एक जुना कागद पालथा केला आणि राजाभाऊंच्या हातात पेन दिलं. “राजाभाऊ, पाच लिहा.” राजाभाऊंनी मराठी पाच लिहिला. कुंदाताईंनी त्याशेजारी इंग्रजी चार लिहिला. दोघे जुळे भाऊ दिसत होते.

साहेब वाकून बघत राहिले. आणि एकदम त्यांचा तो गंभीर चेहरा फुटला! त्यांनी पेन ओढून घेतलं आणि कागदावर एक वाटोळं काढलं. “हबीबी, ये मेरा पाँच! अरबी पाँच! तुम्हारा तो ये ज़ीरो है! एक बार बँक में मेरा पाँच सौ...” पुढचं ते हसण्यात बोललेच नाहीत. जहूरसाहेब कशाला मागे राहतात? त्यांनी आपला उर्दू पाच काढला, पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखा. मुनीर म्हणाला, “फोर्कलिफ्टवाल्याचा पाच हा घ्या,” आणि पाची बोटं पसरून पंजा दाखवला. तीन लिपींतले तीन पाच, एक इंग्रजी चार आणि एक पंजा! सगळे हसत होते, आणि मी फांदीवर बसून मनातल्या मनात गात होतो.

साहेबांनी पत्रावर शिक्का मारला. “यल्ला, ले जाओ. अच्छी जगह रखो.”

निघताना जहूरसाहेबांनी खिशातून एक जाड, पांढरं, कोरं लेबल काढलं आणि राजाभाऊंपुढे ठेवलं. “ये आप ही लिखेंगे. हरूफ भी, आकडे भी. नीचे छोटे में मैं अंग्रेजी आकडा लिख दूँगा, आपका नहीं काटूँगा.” राजाभाऊंनी हात धुतले, पुसले, जीभ दाताखाली धरली आणि लिहिलं. ‘१५००’ तर त्यांनी एका दमात लिहिलं. खाली जहूरसाहेबांनी बारीक अक्षरात इंग्रजी आकडा लिहिला, त्याखाली ‘नक्कल करणार’ म्हणून राजाभाऊंचं पूर्ण नाव लिहिलं, आणि तारखेच्या जागी ‘माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं.

आता मी कपाटात आहे. मुलं येतात, काचेला नाक लावतात. “मिस, व्हाय आर देअर टू नंबर्स?” असं विचारतात, आणि मग त्यांना सगळी गोष्ट सांगावी लागते. जहूरसाहेब म्हणतात, पुढे कधी आम्हा किनाऱ्याच्या डोंगरवाल्यांचा प्रश्न निघाला, तर कुणी अभ्यासक या कपाटापाशीही येईल. आला तर मी तयार आहे. आमचे शास्त्रज्ञ मला काय म्हणायचं ते म्हणोत. मी कुठला, ते आता पक्कं आहे.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरात, कपाटात, माळ्यावर अशा कितीतरी मुक्या वस्तू असतील. कुणी दिलेला शंख, एखादं पीस, एखादा दगड, एखादा फोटो. उगाच कुणी त्यांना अडगळ म्हणेल, कुणी टाकून द्या म्हणेल. त्याआधी एक कागद घ्या आणि लिहून ठेवा, कुठून आलं, केव्हा आलं, कुणी दिलं. माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ असं लिहा. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या, आकडे ज्या भाषेत हाताला येतील त्या भाषेत येऊ द्या. तुम्ही फक्त खरं लिहा. वाचणारं कुणीतरी भेटतंच.